मागितलं असतंस तर दिलं नसतं?

या वेळचं पत्र गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं आहे. थोडं आटोपशीर करून देतो (भाटकार म्हणजे जमीनमालक, मुंडकार म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणारा, आणि कुळागर म्हणजे पोफळी-माडांची बाग):

“दोन वर्षांपासून कादंबरी लिहितेय. काळ १९७८चा, गाव कुळागरांचं. एक विधवा मुंडकारीण घराच्या जागेसाठी मामलेदाराकडे अर्ज करते आणि भाटकार मिरगाच्या तोंडावर तिच्या घराची कौलं उतरवून घेतो. पहिला खर्डा वाचून मैत्रीण म्हणाली, तुझा भाटकार जुन्या सिनेमातला वाटतो, मिशीला पीळ तेवढा द्यायचा राहिलाय. मग मी त्याला सावत्र आई दिली, उपाशी बालपण दिलं, अंधाऱ्या खोलीत कोंडून घालणं दिलं. ते आईला वाचून दाखवलं, तर ती मधेच उठून आत गेली. माझ्या आजीच्या घराची कौलं खरोखरच अशी उतरवली होती. आई म्हणाली, ‘त्याची बाजू घ्यायला शिकवलं काय तुला?’ तेव्हापासून हात चालत नाही. ज्याच्याबद्दल वाचकाला काहीतरी वाटेल असा खलनायक लिहिणं म्हणजे त्याला माफ करणं का? मला तू म्हणा.”

तू म्हणा म्हणालीस, म्हणून तू.

तुझी मैत्रीण बरोबर आहे आणि तुझी आईही. मैत्रिणीला हा माणूस खरा वाटला नाही. आईला वाटलं, तू त्याच्या खात्यावरची रक्कम खोडलीस. पहिली तक्रार मिटवायला गेलीस आणि दुसरी अंगावर घेतलीस. गंमत अशी, की पहिली अजून मिटलेलीच नाही. सावत्र आईही त्याच जुन्या सिनेमातून आलीय.

तेव्हा आधी ती पानं काढ. आठ वर्षांच्या पोराला अंधाऱ्या खोलीत कोंडलं की वाचक कळवळतो, पण त्या पोरासाठी. साठ वर्षांचा भाटकार जिथे होता तिथेच उभा राहतो, त्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. शिवाय ते दुःख काहीच उलगडत नाही. सावत्र आईच्या हाताखाली वाढलेली कितीतरी माणसं तुझ्यामाझ्या गावात आहेत, त्यांनी कोणाची कौलं उतरवली नाहीत. या माणसाने, याच बाईची, त्याच आठवड्यात का उतरवली? त्याचं उत्तर बावन्न वर्षांपूर्वीच्या खोलीत सापडायचं नाही. ते १९७८च्या मे महिन्यात, त्याच्या सोप्यावर, त्याच्या डोक्यात चाललेल्या हिशेबात आहे.

मला स्वतःला हे एका जुन्या नाटकाने शिकवलं. संस्कृत नाटककार भासाचं ‘ऊरुभंग’. दुर्योधन मांड्या मोडून रणात पडलाय. आई-बाप, बायका त्याला शोधत येतात, बरोबर छोटा मुलगा आहे, दुर्जय. पोर नेहमीसारखं बापाच्या मांडीवर बसायला धावतं आणि बापाला त्याला अडवावं लागतं. झालं, एवढंच. दुर्योधनाचं बालपण कसं गेलं, भीमाने लहानपणी त्याला किती छळलं, असलं काही सांगत बसावं लागत नाही. मांडी मोडलीय आणि पोराला बसायचंय. घशात आवंढा येतो.

आता ती मांडी कोणती, ते आठव. भर सभेत द्रौपदीला दाखवलेली मांडी. ती मी फोडीन अशी भीमाने प्रतिज्ञा केली होती, ती त्या दिवसासाठी. महाभारत ऐकत वाढलेल्या कुणाही प्रेक्षकाला हे सांगावं लागत नाही. पोर धावत येतं तेव्हा त्याला दुर्योधनाची दया येते आणि त्याच क्षणी सभाही आठवते. दोन्ही एकाच अवयवात. एक पुसून दुसरं दिसत नाही. मला विचारशील तर सहानुभूती मिळवणारा खलनायक लिहिण्याची सगळी विद्या या एका जागेत आहे. बाकी सगळं हात बसण्याचं काम.

मग तुझ्या भाटकाराची मांडी कोणती? दोन दिवस मी त्याच्यावर विचार करतोय, आणि खरं सांगायचं तर तो मला आवडायला लागलाय. आईला हे सांगू नकोस.

साठीचा माणूस. पेटाऱ्यातले कागद पोर्तुगीजमध्ये, ते घरात त्याच्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. मुलगे मुंबईला. १९६४ साली कूळ कायदा आला तेव्हा तो पंचेचाळिशीच्या आसपास होता. १९७५ला मुंडकारांचा कायदा, १९७६ला कूळ कायद्याची अशी दुरुस्ती की कसणारा तो मालक. पुऱ्या बारा वर्षांत तीनदा त्याच्या पायाखालची जमीन मोजून झाली. आपण आज हे न्यायाचं म्हणून वाचतो आणि ते न्यायाचंच होतं. पण त्याच्या सोप्यावरून ते कसं दिसत असेल? बापाने सांभाळलं, आज्याने सांभाळलं, आणि सुटलं ते माझ्या हातून. घर बुडवणारा म्हणून आपलं नाव राहील, ही भीती लिही. ही भीती मला कळते, तुला कळते, आणि भाट, म्हणजे जमीन, नसलेल्या माणसालाही कळते.

त्याला एका गोष्टीत खरा ठरव. हे महत्त्वाचं आहे, कारण नवे लेखक इथेच हात आखडतात. खलनायकाला सगळ्या मुद्द्यांवर चुकीचं ठेवलं की लेखकाला सुरक्षित वाटतं. तुझी कादंबरी कुळागरात आहे, मग पाट असणारच. पाटाचं पाणी वरून खाली, पोफळींच्या मुळाशी, एका आळ्यातून दुसऱ्यात. मुंडकारिणीचं घर पाटाच्या कडेला ठेव. कायद्याने गावात तिला घर आणि ३०० चौरस मीटरपर्यंत जागा विकत घेता येते. भाटकार म्हणतो, मधोमध ३०० मीटर गेले, उद्या तिच्या पोरांनी कुंपण घातलं की खालच्या पोफळी वाळणार. पाण्याबद्दल तो खोटं बोलत नाही. तिच्या वकिलाकडे याचं नीट उत्तर नसू दे. वाचक क्षणभर चुळबुळला पाहिजे.

पण पाणी ही त्याची मांडी नव्हे. पाण्यावर तोडगा निघतो, कुणीतरी नळी टाकून मोकळं होतं. त्याची मांडी, मला वाटतं, देण्यात आहे.

तुझ्या खर्ड्यात तो फक्त घेतो. खरे भाटकार देतही होते, आणि तिथेच सगळी गोम होती. मुंडकाराची माणसं चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सजावटीचं, सामान आणणार, कांगलां, घागऱ्या, रानातून शोधून. भाटकार नारळ देणार, तांदूळ देणार, घरात आजारपण आलं की डॉक्टरला पैसे देणार. तिचा नवरा गेला तेव्हा बाराव्यापर्यंतचा खर्च याने केला असेल. आणि कौलं? तिचं घर पूर्वी माडाच्या चुडतांनी शाकारलेलं होतं. भाटकाराच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा वऱ्हाडाच्या वाटेवर ते खोपट दिसायला नको, म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने मंगळुरी कौलं आणून घातली. स्वतःची अब्रूही राखली आणि तिच्या डोक्यावरचं गळकं छप्परही गेलं. त्यात प्रेम किती आणि दिखावा किती हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. त्या लग्नात ती बाई चार दिवस राबली आणि मनापासून राबली.

आता तिचा अर्ज. भाटकाराला ते तलाठ्याकडून कळतं, तेही चारचौघांत. तो आधी रागावत नाही. त्याला लागतं. इतकी वर्षं आपलं माणूस समजलो, आणि ही माझ्यावर कागद घालते? मग तो जे म्हणेल ते मला ऐकू येतंय: “म्हजेकडेन मागिल्लें जाल्यार हांवें दिलें नासतें?” माझ्याकडे मागितलं असतं तर दिलं नसतं का मी?

हे वाक्य कादंबरीत कुठेतरी असू दे, आणि ते खरं असू दे. तिने हात जोडून मागितलं असतं तर त्याने बहुधा जागा दिलीही असती, ३००च्या ऐवजी ४०० मीटर दिली असती आणि वर आंब्याचं कलम दिलं असतं. तो काहीही देऊ शकतो, फक्त दान म्हणून. हक्क म्हणून एक नारळ द्यायला त्याचा हात उचलत नाही. त्याचा चांगुलपणा आणि त्याचा अन्याय हे दोन वेगळे कप्पे नाहीत. ज्या हाताने त्याने कौलं घातली त्याच हाताला ती काढायचा अधिकार आहे, असं त्याला प्रामाणिकपणे वाटतं. माझीच तर होती.

बघ, सावत्र आईची गरजच उरली नाही.

एक प्रसंग सुचवतो, नको असेल तर सोडून दे. फोंड्याच्या मामलेदार कचेरीचा व्हरांडा. मे महिना, अचानक वळीव कोसळतो. सुनावणीला दोघंही आलीत, बाकावर दोन टोकांना. तिच्याजवळ छत्री नाही. तिला खाली जाऊन स्टॅम्प आणायचाय. तो काही न बोलता आपली छत्री पुढे करतो. नाटक म्हणून नव्हे, सवयीने, आपल्या माणसाला भिजू द्यायचं नाही म्हणून. ती घेते, तीही सवयीनेच. मग आत त्याचं नाव पुकारलं जातं आणि तो सांगतो, ही मुंडकार नव्हेच, आमच्या घरची पगारी मोलकरीण, आवारातल्या खोलीत राहते. आवारात राहणारा पगारी घरगडी कायद्याने मुंडकार ठरत नाही, हे त्याला वकिलाने पढवलेलं. ती स्टॅम्प घेऊन दारात पोचते तेव्हा हे वाक्य तिच्या कानावर पडतं. हातात त्याची छत्री, पाणी गळतंय.

यात त्याला मागे फिरायला जागा होती, हे वाचकाला दिसलं पाहिजे. छत्री देताना तो ‘चल, आत जाऊन मिटवून टाकू’ म्हणू शकला असता. वाक्य त्याच्या ओठांवर येऊन गेलंही असेल. तुझ्या आईला खोडली गेलेली रक्कम हीच दिसली होती. परिस्थितीने, बालपणाने, काळाने त्याला ढकललं असं लिहिलंस की त्याने काही केलंच नाही असा अर्थ होतो. दार उघडं ठेव, आणि त्याला त्यातून न जाताना दाखव.

आता त्याच्या भाषेबद्दल. तुझ्या पत्रासोबतच्या पानांत मुंडकारीण कोंकणी बोलते आणि भाटकार छापील मराठी. हे तू ठरवून केलं नसशील, हाताने केलंय. माणसाला खुर्चीवर बसवायचं झालं की आपला हात आपोआप त्याला पुस्तकी करतो. पेडण्याकडे कधी जत्रेत दशावतार बघितलायस? सुरुवातीच्या आडदशावतारात संकासुर येतो, वेद चोरणारा राक्षस. देव आपले भारदस्त बोलतात. संकासुर काळ्या वेशात येतो आणि गावच्या बोलीत सुरू होतो, टवाळी करतो, गावातल्या भानगडी काढतो. पोरं त्याला भितात आणि त्याचीच वाट बघतात. शेवटी विष्णू त्याला मारतोच, त्यात सूट नाही. पण तोवर मांडावर जमलेले सगळे प्रेक्षक त्याच्याबरोबर हसलेले असतात. आपल्या लोकांनी दुष्टाला घरची जीभ कधीच देऊन ठेवलीय, आपणच लिहायला बसलो की ती काढून घेतो. तुझ्या भाटकारालाही तीच बोली दे, आणि थोडा विनोद दे. चांगला विनोद करणाऱ्या माणसाचं वाईट वागणं जास्त बोचतं, कारण थोड्या वेळापूर्वी आपण त्याच्या बाजूने हसलेलो असतो.

मीही या चुकीतून गेलोय. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी जोरात चालू होत्या तेव्हा मी एक कथा लिहिली होती. त्यात एक ट्रकमालक, शेतात लाल माती सांडत जाणारा, हॉर्न दाबून शाळेची पोरं उडवणारा, म्हणजे निव्वळ राक्षस. कथा छापून आली, कौतुकही झालं. २०१२ला खाणी बंद झाल्या. पुढच्या पावसाळ्यात डिचोलीकडे जाताना एका अंगणात टिपर उभा दिसला, चाकं रुतलेली आणि हौद्यावर दोडक्याचा वेल चढवलेला. कुणीतरी तो नीट मांडव करून चढवला होता. बाजूला एक माणूस दोडके काढत होता. माझ्या कथेतल्या माणसाने बँकेचा हप्ता भरण्यासाठी रात्री फेऱ्या मारल्या असतील, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. शेतं लाल झाली होती ती झालीच होती, ते काही बदलत नाही. पण मी ज्याला राक्षस लिहिलं होतं त्याला दोडका लावता येतो, हे मला कथा लिहिताना माहीत असायला हवं होतं.

प्रत्येकालाच असं लिहायची गरज नसते, हेही सांगून टाकतो. तुझ्या कादंबरीत कौलं उतरवायला जो पुतण्या येतो, त्याला तसाच राहू दे, उर्मट आणि पोकळ. सगळ्यांच्या मनात शिरत बसलीस तर कादंबरी समुपदेशन केंद्र होईल. कधी खलनायक सपाट असणं हीच नाटकाची ताकद असते. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७चं. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखलं, सरकारनेही ओळखलं, आणि १९१०मध्ये नाटकावर बंदी आली. त्या कीचकाला कुणी दुःखी बालपण जोडलं असतं तर सरकारने उलट अनुदान दिलं असतं. ते नाटक शस्त्र होतं. तुझी कादंबरी तशी नाही, कारण तुला भाटकाराला हरवायचं नाहीये. तो कायद्याने हरलेलाच आहे. त्याने ते का केलं, हे तुला जाणून घ्यायचंय.

राहिली आई. तिच्या रागावर उपाय शोधू नकोस. स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि समोर बघतो तर दुर्योधन आसनावर बसलाय, तेज झळकतंय. युधिष्ठिर खवळतो. याच्यासोबत मला स्वर्ग नको, माझी भावंडं आहेत तिथे न्या, म्हणतो. नारद समजावतो, क्षत्रियधर्माने रणात मेला म्हणून आला, इथे वैर नसतं. पण मला त्या ओळींत नारदापेक्षा युधिष्ठिर जास्त पटतो. आणि व्यासांनी काय केलं ते बघ. दुर्योधनाला आसनही दिलं, युधिष्ठिराचा रागही ठेवला, आणि मागे सभापर्वातली एक ओळही कमी केली नाही.

तुझ्या कादंबरीत आईचा राग कोणाच्या तरी तोंडी असला पाहिजे. मुंडकारिणीच्या मुलीच्या, असं मला वाटतं. आईला वाचायला देऊन ‘आता पटलं का?’ विचारू नकोस, तिने पटवून घ्यायलाच हवं असं नाही. शेवटच्या प्रकरणात भाटकाराने आजारी पडून पश्चात्ताप करावा आणि त्या बाईने त्याला पाणी पाजावं, असं तू आराखड्यात लिहिलंयस. ते नको. त्या बाईला तुझ्यासाठी एवढं करायला लावू नकोस, तिने आधीच पुष्कळ केलंय.

आईला एकच गोष्ट विचार, आणि ती लेखिका म्हणून नको, मुलगी म्हणून विचार. एखाद्या संध्याकाळी, भाजी निवडताना. आजीच्या घराची कौलं त्या दिवशी वरून खाली फेकली होती, की एकेक उतरवून, मोजून, फणसाखाली रचून ठेवली होती? ती सांगेल. अशी गोष्ट बघितलेली पोर ते विसरत नाही. फेकली असतील तर तुझ्या गोष्टीतला माणूस वेगळा आहे आणि मी वर लिहिलेलं निम्मं सोडून द्यावं लागेल. पण रचून ठेवली असतील, एकही न फोडता, तर त्या रचलेल्या कौलांपासून प्रकरण सुरू कर. पाऊस कधी लागला तेही विचार. कळव मला.